तुटलेला स्टड, बोरघाट आणि संशोधकाची घाई

‘कागदच नसतील तर इतिहास लिहायचा कसा?’ नेट-पेटची तयारी करणाऱ्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. माझं पीएचडीचं काम मावळातल्या रस्त्यांवर आणि त्या रस्त्यांच्या कडेला चालणाऱ्या दुरुस्तीच्या कामावर आहे, त्यामुळे माझ्यापुरता तर हा रोजचाच प्रश्न. रस्ता बांधल्याचे कागद असतात. गाडी विकल्याचे असतात. पण गाडी दुरुस्त केल्याचे? फार तर एक बिल, आणि त्यावर एक ओळ : ‘सायलेन्सर काम, मजुरी’. त्या ओळीमागे नेमकं काय घडलं, हे बिल सांगत नाही.

म्हणून आज एकच वस्तू घेऊ आणि ती पुरावा म्हणून कशी वाचायची ते बघू. वस्तू अगदी क्षुल्लक आहे. गाडीच्या एक्झॉस्टचा तुटलेला स्टड, म्हणजे जेमतेम बोटाच्या पेराएवढा लोखंडी तुकडा.

स्टड म्हणजे काय, आणि तो तुटतो का?

इंजिनात जळलेला वायू ज्या ओतीव लोखंडी नळ्यांतून बाहेर पडतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. तो इंजिनाच्या हेडला घट्ट बसवायचा असतो. त्यासाठी हेडमध्ये आटे पाडून त्यांत स्टड पिळतात. स्टड म्हणजे डोकं नसलेला बोल्ट, दोन्ही टोकांना आटे असलेला. एक टोक हेडमध्ये, दुसऱ्या टोकावर नट.

आता थोडं गणित करू. घाबरू नका, दहावीचंच आहे. मॅनिफोल्ड ४० सेंटिमीटर लांब आहे आणि त्याचं तापमान ४०० अंशांनी वाढलं असं धरा. ओतीव लोखंड दर अंशाला साधारण दहा लाखांत ११ भाग वाढतं. म्हणजे मॅनिफोल्ड पावणेदोन मिलिमीटर लांब होतो. हेड जर अॅल्युमिनियमचं असेल तर ते दर अंशाला दहा लाखांत २३ भाग वाढतं, पण त्याच्यात पाणी खेळत असल्यामुळे ते जेमतेम ६० अंशांनी तापतं. त्याची वाढ अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. दोघांत सव्वा मिलिमीटरचा फरक पडला. मधला भाग जागच्या जागी राहिला तर दोन्ही टोकांना निम्मा-निम्मा फरक जातो, आणि तो सोसायचा असतो टोकाच्या स्टडांना. गाडी तापली की स्टड वाकणार, निवली की परत सरळ होणार, आणि हे हजारो वेळा चालणार. टोकाचे स्टड आधी का तुटतात, ते आता लक्षात आलं असेल.

यात घाट आणा. खोपोलीकडून खंडाळ्याला चढताना इंजिन बराच वेळ पूर्ण जोर लावून चालतं, म्हणजे एक्झॉस्ट सपाटीपेक्षा कितीतरी जास्त तापतो. वर आलात की लोणावळा, जिथे वर्षाला ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तापलेल्या लोखंडावर पाण्याचे शिंतोडे उडतात, आट्यांत गंज शिरतो, नट आणि स्टड एकजीव होतात. पुढे कधीतरी कुणी तो नट सोडवायला पाना लावतो आणि नट फिरायच्या ऐवजी स्टडच पिळून तुटतो.

म्हणजे स्टड दोन तऱ्हांनी तुटतो. एक, चालता-चालता, थकून. दुसरी, सोडवताना, पिळून. आणि हा फरक तुटलेल्या तुकड्यावर वाचता येतो. थकून तुटलेल्या स्टडच्या तोंडावर बहुधा दोन रंग दिसतात. काही भाग काळपट, गंजलेला आणि गुळगुळीत असतो. तिथली चीर जुनी. उरलेला भाग लखलखीत आणि खरबरीत. तो शेवटच्या क्षणी तुटला. पिळून तुटलेल्याचं तोंड वेगळं असतं, त्यावर फिरल्याच्या खुणा असतात. अनुभवी मेकॅनिक तुकडा उजेडात धरतो आणि सांगतो, ‘हा आधीच गेला होता.’ दस्तऐवजाची शाई आणि कागद बघून काळ ठरवण्याइतकंच हे पद्धतशीर वाचन आहे. आपण मात्र त्याला संशोधनाची पद्धत म्हणत नाही.

तुकडा बाहेर काढण्याची शिडी

तुटलेला स्टड काढणं ही एक शिडी आहे. खालच्या पायरीवर धोका कमी आणि वर जावं तसा वाढत जातो.

स्टडचा थोडा भाग बाहेर राहिला असेल तर आधी गंज सोडवणारं तेल टाकून थांबायचं. रात्रभर ठेवलं तर उत्तम. मग आजूबाजूचा भाग तापवायचा आणि निवू द्यायचा, म्हणजे गंजाची पकड ढिली होते. बाहेरच्या आट्यांवर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळले, ज्याला गॅरेजात ‘डबल नट’ म्हणतात, की आतल्या नटला पाना लावून स्टड फिरवता येतो. आटे शिल्लक नसतील तर उरलेल्या तुकड्यावर एक नट ठेवून वेल्डिंगने जोडतात. वेल्डिंगच्या उष्णतेचाही फायदाच होतो, कारण तिनेच अडकलेला स्टड सैल होतो.

तुकडा हेडच्या पातळीला किंवा आत तुटला असेल तर काम अवघड. तोंड कानशीने सपाट करायचं, बरोबर मध्यावर सेंटर पंच मारायचा आणि आधी बारीक ड्रिलने भोक पाडायचं. पंच एक मिलिमीटर जरी सरकला तरी ड्रिल स्टड सोडून हेडच्या नरम अॅल्युमिनियममध्ये घुसतं. भोक नीट पडलं तर त्यात उलट्या पिळाचा एक्स्ट्रॅक्टर घालून तुकडा फिरवता येतो. पण एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा असतो. जास्त जोर लावला तर तो आतच मोडतो, आणि मग साध्या ड्रिलने काही होत नाही. अशा वेळी हेड उतरवून स्पार्क इरोजनच्या मशीनवर न्यावं लागतं, जे भोसरी-चिंचवडच्या टूलरूममध्ये असतं, घाटातल्या गॅरेजात नव्हे.

शेवटची पायरी म्हणजे सगळा स्टड ड्रिलने खाऊन टाकायचा, भोक मोठं करायचं आणि नवे आटे पाडायचे. ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा टॅप मारायचा आणि लेथवर पायरीचा स्टड करून घ्यायचा, खाली १०, वर ८. किंवा भोकात बुश मारून आत पुन्हा ८ चे आटे करायचे. किंवा तारेच्या गुंडाळीची आटे-जोड बसवायची, जी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या अॅल्युमिनियमच्या इंजिनांत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. नवा स्टड बसवताना आट्यांना उष्णता सोसणारं ग्रीस लावायचं, पॅकिंग नवं घालायचं आणि नट मधून टोकांकडे टप्प्याटप्प्याने आवळायचे.

या शिडीत खरं कौशल्य कुठे आहे? ते ‘थांबण्यात’ आहे. पाना फिरवताना स्टड खरंच सुटतोय की पिळला जातोय, हे हाताला कळावं लागतं. सुटणारा स्टड कचकन आवाज करतो आणि मग जड जड फिरतो. पिळला जाणारा मऊ लागतो. हे कुठल्या पुस्तकात मोजमापाने दिलेलं नसतं. समाजशास्त्रज्ञ डग्लस हार्पर यांनी १९८७ च्या ‘वर्किंग नॉलेज’ या पुस्तकात न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागातल्या एकाच मेकॅनिकच्या हातांचा अभ्यास केला, तो अशाच ज्ञानाचा. एका माणसाच्या कामावर अख्खं पुस्तक होऊ शकतं, हे प्रबंधाचा विषय शोधताना लक्षात ठेवा.

टॅपचा डबा : एक दुर्लक्षित दफ्तरखाना

आता आट्यांकडे या, कारण खरा इतिहास तिथे दडलाय.

१८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडात आट्यांचं प्रमाण मांडलं. आट्याचा कोन ५५ अंश. १८६४ मध्ये विल्यम सेलर्स यांनी अमेरिकेत ६० अंशांचा आटा सुचवला. युरोपात मेट्रिक आटे आले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन नट-बोल्ट एकमेकांना बसेनात, तेव्हा १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून ‘युनिफाइड’ आटा ठरवला.

मुंबई-पुणे रस्त्यावर हे सगळे आटे एकत्र आले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची यंत्रं व्हिटवर्थच्या परंपरेतली. महिंद्राची जीप विलिसची, म्हणजे अमेरिकन आट्यांची. हिंदुस्तान मोटर्सची अॅम्बॅसेडर मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेली, तिच्या बी-सिरीज इंजिनात युनिफाइड आटे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट ११००, जिला पुढे १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हटलं गेलं, ती इटालियन, म्हणजे मेट्रिक. मॉरिस टेनच्या इंजिनाचा प्रकार तर आणखी गमतीचा. त्यात आटे मेट्रिक आणि नटांची डोकी व्हिटवर्थच्या पान्याची, कारण मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीचा जो इंजिन कारखाना घेतला तो हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता आणि तिथली यंत्रं मेट्रिक होती.

भारतात मेट्रिक मापं १९५६ च्या कायद्याने आली. पण कायदा आला म्हणून इंजिनातले आटे बदलत नाहीत. रस्त्यावर जुनी गाडी जोवर धावते तोवर तिचं जुनं मापही जिवंत राहतं. इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ च्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ मध्ये हाच मुद्दा मांडलाय. शोधाची तारीख आणि वापराचा काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण बहुतेक वेळा फक्त पहिलीचा इतिहास लिहितो.

आता विचार करा, जुन्या गॅरेजातला टॅप-डायचा डबा म्हणजे काय? कोणकोणत्या देशांच्या गाड्या या दारात आल्या त्याची ती नोंदवहीच आहे. कोणता टॅप झिजलाय, कोणता कोरा पडलाय, कोणता दुसऱ्यांदा विकत घेतलाय, या सगळ्या नोंदी आहेत. फक्त त्या शाईने लिहिलेल्या नाहीत.

आणि एक सावधानता हा डबाच शिकवतो. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर. ८ मिलिमीटरच्या स्टडपेक्षा फरक फक्त ०.०६ मिलिमीटरचा. ५/१६ चा नट ८ च्या स्टडवर एखाद-दुसरा फेरा जातोही. मग अडतो, कारण आट्यांचं अंतर जुळत नाही. तिथे जोर लावला की दोन्हीकडचे आटे गेले. गॅरेजात अजिबात न बसणाऱ्या नटाने नुकसान होत नाही, तो बाजूला ठेवला जातो. नुकसान करतो तो जवळपास बसणारा. संशोधनातही पुरावा जवळपास बसायला लागला की तिथेच थांबून मोजायचं असतं. कसं, ते एका उदाहरणाने बघू.

एक मोहात पाडणारी गोष्ट

बोरघाटाचा रस्ता १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात गाड्यांसाठी खुला झाला. रेल्वेचा घाट १८६३ मध्ये. सुमारे १५ मैलांत १,८३१ फूट चढ, आणि सर्वांत तीव्र उतार ३७ ला १. या चढासाठी जास्तीची इंजिनं लागत, आणि इंजिनं आली की फिटर, बॉयलरवाले, लोहारकाम करणारेही आले. लोणावळा हे रेल्वेचं गाव झालं ते त्यातून.

वाफेच्या इंजिनात भट्टीच्या आतली आणि बाहेरची भिंत शेकडो आटेदार खुंट्यांनी जोडलेली असते. त्यांना स्टे म्हणतात. आतली भिंत बाहेरच्या भिंतीपेक्षा जास्त तापते, जास्त सरकते आणि स्टे वाकून-वाकून तुटतात. ओळखीचं वाटतंय ना? तुटलेला स्टे हातोडीच्या ठोक्याच्या आवाजावरून ओळखत, ड्रिलने काढत, भोकात मोठे आटे पाडत आणि जाड स्टे बसवत. आपल्या स्टडच्या शिडीची शेवटची पायरी अगदी हीच.

पुढे १९२९-३० च्या सुमारास कल्याण-पुणे मार्ग विजेवर गेला. वाफेच्या इंजिनांचं काम घटलं, आणि त्याच दशकांत मोटारी वाढू लागल्या. १९४५ मध्ये लोणावळ्यात नौदलाची ‘शिवाजी’ ही संस्था सुरू झाली, जिथे जहाजांच्या यंत्रकामाचं शिक्षण दिलं जातं. म्हणजे कथा तयार : रेल्वेचे फिटर मोटारींकडे आले, मग नौदलाकडून यंत्रज्ञान आलं आणि घाटातलं गॅरेज उभं राहिलं.

कथा सुरेख आहे. प्रबंधाच्या प्रस्तावनेत झकास दिसेल. पण हा ५/१६ चा नट आहे! दोन कामांची कृती सारखी आहे एवढ्यावरून एकाने दुसऱ्याकडून विद्या घेतली असं ठरत नाही. तापून वाकणारी आणि अडकून तुटणारी आटेदार खुंटी जगात कुठेही काढायची झाली तर हाच मार्ग निघतो, कारण धातूच तसा वागतो. साम्य म्हणजे वारसा नव्हे.

वारसा सिद्ध करायचा तर माणसं दाखवावी लागतात. एखाद्या घराण्यात आजोबा लोको शेडमध्ये आणि मुलगा मोटार गॅरेजात, अशी साखळी. रेल्वेच्या नोकरीच्या नोंदी आणि त्याच आडनावांचे दुकान-परवाने. किंवा भाषेतला धागा : रेल्वेच्या फिटरांचा असा एखादा शब्द जो मोटारवाल्यांत टिकलाय, पण पुण्या-मुंबईच्या मोटारवाल्यांत नाही. यातलं काहीतरी हाती लागेपर्यंत प्रबंधात ‘साम्य’ असाच शब्द लिहायचा. मार्गदर्शकांनी लाल शाईने खूण करायची वाट बघू नका, स्वतःच करा.

‘जुगाड’ म्हणताना जरा थांबा

दुसरा मोह शब्दाचा आहे. रस्त्याकडेच्या दुरुस्तीला आपण सर्रास ‘जुगाड’ म्हणतो. परिषदांत हा शब्द फार चालतो. पण वर सांगितलेल्या शिडीत जुगाड कुठे होता? क्रम ठरलेला, प्रत्येक पायरीचं कारण ठरलेलं, पुढची पायरी कधी गाठायची याचा निकष ठरलेला. हेच काम कंपनीच्या वर्कशॉपमध्ये झालं तर आपण त्याला ‘प्रक्रिया’ म्हणतो.

शब्दाचा हा फरक निरुपद्रवी नाही. ज्याच्या कामाला जुगाड म्हटलं, त्याच्या कामाची किंमत हातचलाखीएवढी राहते. बिलावरची ती एक ओळ आठवा. तीन तासांचं ताप देणं, थांबणं, मोजणं हे ‘मजुरी’ या शब्दात बसवलं गेलं. नवं पॅकिंग आणि नवा स्टड यांच्या किमतीवर ग्राहक हुज्जत घालत नाही, मजुरीवर घालतो. अनुभवाला कागदावर नाव नसण्याचा फटका असा थेट खिशाला बसतो. केव्हिन बोर्ग यांनी २००७ च्या ‘ऑटो मेकॅनिक्स’ मध्ये दाखवलंय की अमेरिकेतही मोटार मेकॅनिकच्या कामाला समाजात मान मिळणं हा वर्ग, वंश आणि शिक्षणाशी जोडलेला झगडा होता. आपल्याकडे त्यात जातीचा आणि गावाचा प्रश्न मिसळतो. लोहारकीची परंपरा असलेल्या घरातून कोण गॅरेजात आलं, कोण जमीन गेल्यामुळे आलं, आयटीआयचा दाखला कोणाला मिळाला आणि कोण ‘पोऱ्या’ म्हणून पाने धुवत-धुवत शिकला? डेव्हिड अर्नोल्ड यांच्या २०१३ च्या ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ मध्ये भारतातल्या सायकली, शिवणयंत्रं, टाइपरायटर आणि भातगिरण्या यांचा असाच सामाजिक इतिहास आहे. ते पुस्तक जरूर वाचा, आणि त्यातला कोणता प्रश्न मोटार गॅरेजला विचारता येईल याची यादी करा.

आत्ताच का?

२००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला आणि घाटातली बरीचशी वाहतूक जुन्या रस्त्यावरून तिकडे गेली. मुंबईतली पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून निघाली. तळेगावात २००८ मध्ये जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला आणि २०२० च्या अखेरीस तिथलं उत्पादन थांबलंही. आता विजेच्या गाड्या घाट चढताहेत, आणि त्यांना एक्झॉस्टच नाही. स्टड तुटण्याचा प्रश्नच मिटला.

यात हळहळण्यासारखं काही नाही. धूर कमी होणार असेल तर चांगलंच आहे. पण व्हिटवर्थ, युनिफाइड आणि मेट्रिक हे तिन्ही आटे बोटांनी ओळखणारी पिढी आता साठी-सत्तरीत आहे. दफ्तरखान्यातला कागद आणखी पाच वर्षं थांबेल. ही माणसं थांबतीलच असं नाही. विषय निवडताना हाही एक निकष असू शकतो.

म्हणून, वडगाव, कामशेत, लोणावळा, कुठेही क्षेत्रकामाला गेलात तर एवढं करा. ‘तुमचा इतिहास सांगा’ असं विचारू नका, कुणालाच ते सांगता येत नाही. हातात तुटलेला तुकडा ठेवा आणि विचारा, ‘हा कसा तुटला असेल?’ शब्द जसेच्या तसे लिहून घ्या, त्यांचं प्रमाण मराठी करू नका. यशाबरोबर फसलेल्या कामाविषयीही विचारा. शिडीच्या वरच्या पायऱ्या तिथेच कळतात. टॅपचा डबा दाखवायची विनंती करा आणि परवानगी असेल तरच फोटो घ्या. काम चालू असताना मुलाखत नको, तुमच्यामुळे त्यांची मजुरी बुडते. नाव छापायचं की नाही हे त्यांना विचारा. गुप्तता पाळायची म्हणून परस्पर खोडू नका, कारण अनेकांना आपलं नाव छापून यावं असं वाटतं आणि तो त्यांचा हक्क आहे.

आणि परत आल्यावर त्याच रात्री टिपण पूर्ण करा. तुकडा कोणत्या बाजूने काळा होता आणि कोणत्या बाजूने चकाकत होता, हे आठवड्यानंतर आठवत नाही.